आईच्या फिल्मचं संगीत

आईने शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी तीस वर्षं शिवणवर्ग चालवला. ती पंच्याऐंशीची झाली त्या वर्षी मी तिच्यावर वीस मिनिटांची फिल्म केली. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. फोनवर चित्रण करायला मुलीनेच शिकवलं. आईच्या आठ-दहा विद्यार्थिनी शोधून त्यांना बोलतं केलं. त्यांच्या बोलण्याखाली आईच्या आवडीचं सिनेमातलं गाणं घातलं आणि फिल्म नेटवर टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एकीचा जवळच्या पाटन गावाहून फोन आला. "भैया, होंठ हिल रहे हैं, आवाज नहीं आ रही."

मुलीने बघितलं. गाण्याच्या मालकांनी हक्क सांगितला होता, म्हणून संकेतस्थळाने आवाजच बंद केला होता. गाण्यासोबत बायकांचं बोलणंही गेलं.

मी चिडलो. "मी काय धंदा करून राहिलो का? आईसाठी केली ना फिल्म."

"पण बाबा, गाणं तर आपलं नाहीये ना," ती शांतपणे म्हणाली.

मग दोन दिवस आम्ही नेटवर मोफत संगीत शोधलं. ती प्रत्येक तुकड्याखालच्या अटी वाचायची. काही फक्त ऐकायला मोफत होते, काहींत कापाकापी चालत नव्हती. जे चालण्यासारखे होते ते हॉटेलात वाजतात तसले. आईच्या शिवणयंत्राशेजारी ते बसेनात.

तेव्हा मला वडिलांच्या तबकड्या आठवल्या. ते अमरावतीहून नोकरीसाठी इथे आले तेव्हा दोन्ही शहरं एकाच राज्यात होती; राज्यं वेगळी झाली तरी ते इथेच राहिले. पगार झाला की बडा फुहाऱ्याच्या बाजारातून एखादी तबकडी आणायचे आणि पाकिटावर तारीख टाकायचे. ट्रंकेत सहा-सात निघाल्या. त्यातली एक क्लॅरिनेटची, भूप रागाची होती. ती घेऊन मी शेजारच्या निवृत्त वकिलांकडे गेलो.

त्यांनी पाकीट उलटसुलट केलं. "तुमचं वय काय?"

"त्रेसष्ट."

"आणि ही तारीख तुमच्या जन्माच्या आदल्या वर्षीची. आपल्याकडे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं की साठ वर्षं त्यावर हक्क राहतो. ती केव्हाच उलटली."

"म्हणजे बाकीच्या जुन्या तबकड्याही चालतील?"

"थांबा. गाणं असेल तर शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा हक्क वेगळा. तो ते गेल्यावर साठ वर्षं चालतो. इथे शब्द नाहीत, बांधलेली चाल नाही, आणि राग कोणाच्या मालकीचा नसतो. हीच घ्या. पण नेटवरून कोणी साफसूफ केलेली प्रत उचलू नका. स्वतःची वाजवा."

वाजवायची कशावर? घरचा प्लेअर कधीचाच मोडला होता. बाजारातल्या एका म्हाताऱ्या रेडिओ मिस्त्रींकडे जुन्या तबकड्या वाजवणारा एक निघाला. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला आणि घामाघूम होत आम्ही तबकडी फोनवर उतरवून घेतली. संपल्यावर ते म्हणाले, "एक बार और लगाइए. ये रिकॉर्डिंग के लिए नहीं, मेरे लिए."

फिल्म पुन्हा टाकली. आठवड्याभरात पुन्हा कोणीतरी हक्क सांगितला. माझा धीर सुटला, मुलीचा नाही. तिने पाकिटाचा आणि तबकडीवरच्या लेबलचा फोटो जोडला आणि वकिलांनी सांगितल्याप्रमाणे साधं उत्तर लिहिलं. बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका सकाळी दोन ओळींचा निरोप आला. दावा मागे घेतला होता.

त्या संध्याकाळी आईला पूर्ण फिल्म दाखवली. विद्यार्थिनींना ओळखून ती एकेकीचं नाव घेत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "हे क्लॅरिनेट कोणी लावलं?" मी सांगितलं. तिने मुलीला आवाज थोडा वाढवायला सांगितला.

पाटनच्या त्या बाई आता स्वतः शिवणवर्ग चालवतात; परवा त्यांनी विचारलं, त्या वर्गावरच्या फिल्मला हेच संगीत घेतलं तर चालेल का. परवानगी द्यायला ते माझं नव्हतंच. मी त्यांना तसं समजावलं आणि उतरवलेली प्रत लगेच पाठवून दिली.