शाहिरांचा पुतळा, आजोबांचा चेहरा

मागच्या महिन्यात आईला घेऊन नाशिकला आजोबांचा पुतळा बघून आले. पुतळा आजोबांचा नव्हता. म्हणजे होता, पण ते आई सोडून कुणाला माहीत नव्हतं. सविस्तर सांगते. सहल करण्यासारखी आहे आणि पुण्याहून रस्ताही आता बरा झालाय.

आईचं माहेर धोंडवाडी, चांदवडच्या पुढे. गावात कांदा होतो, धूळ होते आणि एकदा एक मोठा माणूस झाला: शाहीर रंगनाथदादा. जिल्हाभर त्यांचं नाव आहे. माझे आजोबा, म्हणजे अण्णा, त्यांचे झीलकरी. शाहीर पुढे उभा राहून पोवाडा म्हणतो आणि मागे उभा राहून जो 'जी जी रं जी' ओढतो, तो झीलकरी. त्याला कोणी बघत नाही. पण अण्णा दिसायला देखणे होते आणि दादांना फोटोची भीती होती. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी त्यांची पक्की समजूत. एकदा कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी फोटो हवा होता. दादा फोटोग्राफरला बघून मागच्या दाराने पसार झाले. शेवटी त्यांचा फेटा आणि डफ अण्णांना दिला आणि उभं केलं. तो फोटो छापला गेला. पुढे तोच कॅलेंडरवर आला, शाळेच्या भिंतीवर चढला, जयंतीला त्यालाच हार पडू लागले. दादा हयात होते तोवर हसायचे. दोघंही गेल्यावर हसणारं कोणी उरलं नाही.

आता गावात दादांचा पुतळा बसणार, तोही त्याच फोटोवरून. समितीने आईला निरोप धाडला: शाहिरांना प्रत्यक्ष पाहिलेल्या ज्येष्ठ म्हणून नाशिकला या, मातीचा पुतळा बघा आणि होकार द्या. एकदा साचा निघाला की बदल होत नाही. दादांना पाहिलेले गावात अजून दोघं आहेत, पण फोटो बघून बघून त्यांनाही आता फोटोतलाच चेहरा आठवतो.

शनिवारी सकाळी निघालो. नारायणगावला नाश्ता उरकला, चंदनापुरीचा घाट आईने डोळे मिटून पार केला. संगमनेरला चहाला थांबलो (चहा ठीक, स्वच्छतागृह चक्क चांगलं), तेव्हा ती म्हणाली, "खरं सांगितलं तर अण्णांचा पुतळा जाणार. नाही सांगितलं तर दादांचा."

"मग काय करणार?"

"चहा गार होतोय तुझा."

आई शाळेत मराठी शिकवायची. अर्ध्या मार्कासाठी पालकांशी भांडलेली बाई आहे. स्वतःच्या वडिलांचं प्रकरण मात्र तिला पेपर तपासण्याइतकं सोपं जात नव्हतं, हे मला सिन्नर येईपर्यंत कळलं, कारण तिने रस्त्यावरच्या एकाही पाटीतली चूक काढली नाही. नाशिकमध्ये शिरलो आणि द्वारकेच्या चौकात अडकलो. तिथे लॉज भरपूर आहेत. आम्ही अठराशेची खोली घेतली. पंखा चालू केला की ट्रॅफिक ऐकू येत नाही, तेवढ्यासाठी पंखा चालू ठेवा.

रविवारी सकाळी मिसळ. नाशिकला येऊन मिसळ न खाता परत गेलात तर घरचे विश्वास ठेवणार नाहीत. इथे सोबत पापड आणि दही येतं, रस्सा मागाल तेवढा. आईने अर्धी ठेवली. ती अन्न टाकत नाही, म्हणून उरलेली मी खाल्ली आणि दिवसभर पस्तावले.

शिल्पकाराचा कारखाना औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये. दारात समितीचे अध्यक्ष उभे होते, हातात पेढ्यांचा बॉक्स. शेजारी संपत, दादांचा नातू, गावच्या नात्याने आईला आत्या म्हणणारा. पन्नाशीचा, चांदवडला बी-बियाणांचं दुकान. तो आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "आत्या, तू आली ते लय बरं झालं. मी तं आज्जा पाह्यलाच नाय."

पुतळ्यावर ओलं गोणपाट होतं, माती तडकू नये म्हणून. शिल्पकाराने ते काढलं. नऊ फूट उंच, डोक्याला फेटा, एका हातात डफ, दुसरा हात वर. आणि तोंड अण्णांचं. मी अण्णांना लहानपणी पाहिलंय, खाटेवर बसून शेंगा सोलताना. उभे असे कधी पाहिले नव्हते. मला एकदम रडू आलं. मी ते मिसळीवर ढकललं.

"बाई, सांगा," अध्यक्ष म्हणाले. "हुबेहूब हाय ना?"

"हुबेहूब आहे," आई म्हणाली.

अध्यक्षांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला.

"पण हे दादा नाहीत. माझे वडील आहेत."

बॉक्स उघडाच राहिला. आईने फोटोची सगळी हकिकत सांगितली, वर्गात सांगावी तशी, फेट्यापासून मागच्या दारापर्यंत.

"म्हंजे आम्ही इतकी वर्षं हार कुणाला घालतोय?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्या वडिलांना. आभारी आहे."

मग चर्चा झाली. दादांचा खरा फोटो कुठे? कुठेच नाही. शिल्पकार म्हणाला, त्याला कुणाचा तरी चेहरा लागेल, चेहऱ्याशिवाय पुतळा होत नाही. अध्यक्ष म्हणाले, "गाव ह्याच तोंडाला वळखतं. दुसरं बसवलं तं लोक म्हनतील, अध्यक्षानं सासऱ्याचा पुतळा बसवला." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

संपत मात्र पुतळ्याच्या तोंडाकडे बघत होता. मग म्हणाला, "आत्या, मी रोज त्या फोटोच्या पाया पडून दुकान उघडतो. मंग माझा आज्जा दिसायचा कसा?"

आईने तोंड उघडलं. "बुटके होते. सावळे. नाक..." ती थांबली. "नाक नाकासारखंच. आणि हसले की... हसले की ना..." तिने हात हलवले. जन्मभर मुलांना व्यक्तिचित्रण शिकवलं आणि आता तिला एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. "डोळ्यांसमोर आहेत रे. सांगता नाही येत."

संपत जरा बाजूला जाऊन उभा राहिला. तिला वडील मिळाले होते आणि त्याचे आजोबा गेले होते. शेडमधल्या प्रत्येकाला ते दिसत होतं. अध्यक्ष म्हणाले, "संपतराव, घरचे तुमी. तुमी म्हनाल तसं."

"राहू द्या," तो म्हणाला. "फक्त खाली दोघांची नावं टाका."

"एका पुतळ्याला दोन नावं?"

"पवाड्याला दोघं लागायचे ना?"

अध्यक्षांनी थोडा विचार केला आणि स्वतःच एक पेढा खाल्ला. म्हणजे ठरलं. तेवढ्यात शिल्पकाराने भीतभीत विचारलं, फोटोत फेट्यामुळे कान नीट दिसत नाहीत, त्याने अंदाजाने केलेत, ठीक आहेत का?

आई पुतळ्याच्या अगदी जवळ गेली. "मोठे करा. माझ्या वडिलांचे कान मोठे होते."

"करा मोठे," अध्यक्ष म्हणाले.

संपत आम्हाला जेवायला धोंडवाडीला घेऊन गेला. हायवेने पिंपळगाव, मग चांदवड. तासाभराचा रस्ता, टोल आहे. दोन्ही बाजूंना कांदाचाळी. गावात चौथरा बांधून तयार, त्यावर सध्या एक शेळी उभी होती. घरी बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. असं जेवण कुठल्या हॉटेलात मिळणार नाही, पत्ताही देणार नाही. आई जेवताना संपतच्या घरच्यांकडे एकेक करून टक लावून बघत होती. त्याची बायको अवघडली, मुलाने तर घास खाली ठेवला. हात धुताना आई मला म्हणाली, "दादा कुणातच नाहीत गं."

घरी येऊन तीन आठवडे झाले. काय राहिलं विचाराल तर मिसळीची चव गेली, पाठीची रग गेली. आईचं ते अर्धवट वाक्य तेवढं घरात राहिलं. भाजी निवडता निवडता ती थांबायची, हात हलवायची, जमायचं नाही. संपतलाही तिकडे चैन नव्हतं. तो तिला नातेवाइकांचे फोटो पाठवत राहिला: चुलते, पुतणे, लग्नातले, बारशातले, एक तर मतदार कार्डावरचा. आई चष्मा लावून बघायची आणि कळवायची, "नाही."

परवा त्याने हळदीचा एक फोटो पाठवला. नांदगावला दिलेली त्याची थोरली लेक, गालभर हळद, कुणीतरी काहीतरी म्हणालेलं आणि ती डोळे मिटून, मान मागे टाकून हसतेय. आईने फोन हातात धरला तो ठेवलाच नाही. पदराने डोळे पुसले, काच पुसली, मग संपतला लावला.

"संपत, दादा सापडले."

"कुठं?"

"नांदगावला. तूच दिलेस."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तो नांदगावला गेला. लेकीला काही सांगितलं नाही म्हणे. नुसता समोर बसून दुपारपर्यंत तिला हसवत राहिला.