तरवा मोजणाऱ्या वासंतीबाय

डिचोलीच्या बाजारात वासंतीबाय भेटल्या की माणसं आधी डोळे चुकवायची. कारण त्या बोलता बोलता पुढे सरकायच्या, अंगठ्यानं समोरच्याची खालची पापणी ओढायच्या आणि म्हणायच्या, "जरा वर बघ गो." एकदा मासळीवालीशी बांगड्याच्या वाट्यावरून वाद चालला होता. मधेच तिची पापणी ओढून झाली. "रगत उणें आसा तुजें. उद्या सकाळी ये, तपासूया." वाद तिथंच मिटला. मासळीवाली दुसऱ्या दिवशी खरंच आली.

आमच्या छोट्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्या सर्वात जुन्या तंत्रज्ञ. सर्वण गावच्या, घरची भातशेती. मी पेडण्याहून नोकरीला लागले तेव्हा त्यांची निवृत्ती चार-पाच वर्षांवर आली होती. रक्त मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं, पण कोवळ्या तांबड्या पेशी त्याला मोजता येत नसत. ते काम डोळ्यांनीच. रक्तात निळा रंग मिसळायचा, पंधरा मिनिटं उबेत ठेवायचं, काचपट्टीवर पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली हजार पेशी मोजायच्या. हाडांतल्या मगजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पेशींत निळं जाळं दिसतं. हजारात अशा किती, त्यावरून शंभरातला आकडा.

"पण हे कशाला मोजायचं?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"शेतात भात विरळ दिसलं तर दोनच गजाली असतात," त्या म्हणाल्या. "एक तर उभं पीक कोण तरी खातंय, नाहीतर तरवाच, लावणीची कोवळी रोपंच, रुजला नाही. बांधावरनं बघून कळतलें? तरवा मोजायला हवा. कोवळ्या पेशी म्हणजे रगताचा तरवा."

मोजताना त्यांचा डावा हात वर असायचा. तो खाली येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. कुणी बोललंच, तर त्या रागवायच्या नाहीत. मुकाट्यानं पुन्हा एकपासून सुरुवात करायच्या. त्याचीच जास्त लाज वाटायची.

त्या दोन दिवस रजेवर होत्या तेव्हाची गोष्ट. आमोण्याच्या शेवंताबाई भावाबरोबर आल्या. चेहरा पांढराफटक, डोळ्यांत पिवळसर झाक, चार पावलं चालल्या की धाप. हिमोग्लोबिन पाच. डॉक्टरांनी कोवळ्या पेशी मोजायला सांगितल्या. लॅबमध्ये गर्दी होती. निळा रंग गाळून घ्यायचा असतो, तो मी गाळला नाही. मोजलं तर शंभरात आठ. म्हणजे मगज जोरात काम करतंय आणि तरी रक्त कमी. मग रक्त आतल्या आत फुटत असणार. डोळ्यांचा पिवळेपणाही त्याला जुळत होता. ते थांबवायला डॉक्टरांनी दुसऱ्या दिवसापासून स्टिरॉइडच्या गोळ्या लिहिल्या. शेवंताबाईंना भरती करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासंतीबाय कामावर आल्या, वही चाळली आणि शेवंताबाईंची नेहमीच्या रंगाची स्लाइड घेऊन बसल्या. बराच वेळ हात वरच होता.

"सुजाता, कोवळ्या आठ टक्के म्हणतेस. मग या स्लाइडवर निळसर झाक असलेल्या पेशी दिसायला हव्यात. मला एकही सापडत नाही. उलट पेशी आहेत त्या नको तेवढ्या मोठ्या. तुझी स्लाइड दाखव."

त्यांनी ती पाहिली आणि मला खुर्चीवर बसवलं. "बघ. निळे ठिपके पेशींच्या बाहेरपण पडलेत. रंगाचा गाळ हा. तू गाळ मोजलास, बाय."

आम्ही ताजं रक्त घेतलं, रंग गाळला, दोघींनी वेगवेगळं मोजलं. शंभरात अर्धी. मगज कामच करत नव्हतं.

"डॉक्टरांना तुम्ही सांगा ना," मी म्हटलं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती.

"चूक तुझी, सांगायची तूच. मी दारात उभी राहते."

त्या खरंच दारात उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी गोळ्यांच्या नावावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "बरं झालं, पहिली गोळी जायच्या आधी आलात."

तिथून वासंतीबाय थेट शेवंताबाईंच्या खाटेशी गेल्या. "जेवता काय तुम्ही?" पेज आणि लोणचं, उत्तर आलं. नवरा गेल्यापासून सहा-सात वर्षं नुस्तं, म्हणजे मासळी, सोडलेलं. दूध तर पोटाला कधी सोसलंच नव्हतं. ते ऐकून डॉक्टरांनी मासळी-दुधातून मिळणाऱ्या बी-ट्वेल्व्हची तपासणी पाठवली. ते अगदीच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. "आता मी नुस्तं खाऊ?" शेवंताबाईंनी घाबरून विचारलं. वासंतीबाय म्हणाल्या, "तें तुमचें तुम्ही बघा. व्रत तुमचें, इंजेक्शन आमचें."

सहाव्या दिवशी मोजायचं काम त्यांनी मलाच दिलं. जिथं नजर टाकावी तिथं निळी जाळी. मी दोनदा मोजलं. शंभरात बारा. वासंतीबायनी स्वतः पाहिलं आणि पायात चपला न घालताच वॉर्डात धावल्या.

"शेवंताबाय, तरवो आयलो गो!"

शेवंताबाई उठून बसल्या. "खंय? आमच्या शेतान?"

सगळा वॉर्ड हसला. वासंतीबाय हसता हसता डोळे पुसत होत्या.

निवृत्तीनंतर त्या सर्वणला राहिल्या. गेल्या वर्षी एक दिवस त्या लॅबमध्ये आल्या आणि बाही वर करून समोर बसल्या. "माझ्या मोज," एवढंच म्हणाल्या. मी मोजत असताना त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"किती?"

"थोड्या कमी आहेत."

"थोड्या हा आकडा नाही, सुजाता."

"शंभरात एक," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडून कागद आणि पेन्सिल घेतली. त्यांच्यासारखं रक्तच कमी असलं की टक्केवारी आहे त्याहून बरी दिसते, म्हणून रक्ताच्या प्रमाणात ती कमी करून घ्यावी लागते. मला ते माहीत होतं. माझ्या हातून ते होत नव्हतं. त्यांनी शांतपणे गुणाकार-भागाकार केला, खाली छोटासा आकडा लिहिला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"हा लिही. डॉक्टरांना हाच लागतो."

मी तो लिहिला. मगज सुकत चाललं होतं. पुढच्या तपासण्यांत तेच निघालं. अडीच महिन्यांनी त्या गेल्या. तो आकडा लिहिला त्या दिवशी माझे डोळे भरून आले होते. लॅबमधून बाहेर पडताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि घडी घातलेला रिपोर्ट दुसऱ्या हातानं पिशवीत टाकला. "रडून झालं की बघ," त्या म्हणाल्या, "बाहेर बाकावर एक म्हातारा कधीचा बसलाय."