ओल्या गोधड्या आणि मार्चमधली वाफ

मंडळी, शिमगा झाला की गोधड्या धुवून माळ्यावर टाकायच्या, ही आमच्या रहाटणीच्या घरची रीत. कालच धुतल्या. आज सकाळी गच्चीत गेले तर सगळ्या ओल्या आणि माझ्या तोंडातून वाफ.

मुलानं मोबाईलवर पुण्याच्या जुन्या नोंदी काढल्या. मार्चअखेर असा गारठा याआधी पन्नासच्या दशकात एकाच वर्षी पडला होता.

गच्चीत आलेल्या सासूबाईंना ते साल सांगितलं. म्हणाल्या, "व्हय, माझ्या लग्नाचं साल. आख्ख्या गावानं पवना नदीत गोधड्या धुतल्या व्हत्या. एकबी वाळंना. मग सगळं घर चुलीपाशी बसलं. तवा कुठं मी ह्यांचं तोंड नीट बघितलं."

तुमच्याकडेही आज एवढी थंडी आहे का?

सासूबाई अजून गच्चीत आहेत. तोंडातून वाफ सोडतात आणि ती विरेपर्यंत बघत राहतात.