येसूबाईच्या राघूची कंठी

शिरगावच्या येसूबाईचा राघू दोन वर्षं झाली तरी कंठी धरत नव्हता, आणि त्याची काळजी राघूपेक्षा येसूबाईलाच जास्त. बोंबील वाळत घालायच्या काठीवर तो एका सकाळी आपणहून येऊन बसला होता. अंगाने दांडगा, शेपूट आखूड. कोणा मेल्याने छाटलं असेल, म्हणून तिने त्याला पोटाशी धरलं. नवरा गेल्यापासून घरात तिच्याशी बोलणारं तेवढंच.

नर पोपटाच्या गळ्याभोवती लाल-काळ्या रंगाची कंठी फुटते, पण उशिरा, हे साऱ्या गावाला ठाऊक. सदुसष्टच्या उन्हाळ्यात त्याच्या मानेवर, मागे, पिवळी पिसं दिसली तेव्हा तिने आळीत साखर वाटली.

“अगो, कंठी कदी मागून फुटते काय?” शेजारची हंसा हसली.

“माजा राघू हाय, कुठूनबी फुटंल!”

तारापूरला तेव्हा विजेचा कारखाना उभा राहत होता. तिथल्या परदेशी साहेबांच्या वसाहतीत येसूबाई मासळी विकायची. एका बंगल्यातला स्वयंपाकी बन्सी एकदा बोलता बोलता म्हणाला, “मावशी, दोन वर्षांमागे आमच्या मॅडमचा पोपट उडाला. हिरवा, जाडा, आखूड शेपटीचा, डोक्याला पिवळं. बाई अजून रिकाम्या पिंजऱ्यात रोज पाणी ठेवतात.”

येसूबाई उरलेली मासळी तशीच उचलून घरी परतली. गप्प राहिली असती तर कोण विचारणार होतं? पण दोन दिवस त्या रिकाम्या पिंजऱ्यातलं पाणी तिच्या मनातून जाईना. तिसऱ्या दिवशी राघूला पाटीत घालून, वर जाळ्याचा तुकडा टाकून ती एसटीत बसली.

मॅडमने आनंदाने ओरडून त्याला हातावर घेतलं. मग त्याच्या कपाळावरची पिसं बोटाने बाजूला केली, मान वळवून पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला. ती हळूहळू बोलली, बन्सी सांगत गेला.

“हा आमचा नाही, मावशी. आमच्याचं कपाळ पिवळं, मान हिरवी. ह्याचं उलटं. दोघे परदेशी भाऊबंद, पण जात निराळी. हा पलीकडच्या साहेबांचा, ते जाताना सोडून देऊन गेले. ह्यांना वयानं मानेवर पिवळं येतं. कंठी कधीच फुटत नाही. तुम्हीच ठेवा.”

येसूबाई पायरीवर बसलीच. एवढी आसुसलेली बाई! माझाच म्हणाली असती, तर हिला कोण खोटं पाडणार होतं? देव हिचं भलं करो, असं ती कितीदा तरी पुटपुटली.

मॅडमने आतून पिंजरा आणून तिच्यापुढे ठेवला. येसूबाईने तो परत सरकवला.

“नको गो बाय. तुजा आला तर कुठं बसंल? तू आपली पानी भरत जा.”