नगरपरिषदेत वाचलेलं माझं पत्र

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

सौदीत धाहरानला आलो तेव्हा कंपनीच्या क्वार्टरमध्ये माझ्या खोलीत एक धाकटा इंजिनीयर होता, माझ्यासारखाच नाशिकचा. मला दादा म्हणायचा. सहा वर्षं आम्ही एकाच कुकरमध्ये खिचडी लावली. मग तो अमेरिकेला गेला, एका लहानशा गावात स्थिरावला, तिथला नागरिक झाला. मी इथेच आहे, बायकोही नंतर इकडे आली. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवत राहतो आणि गप्प बसतो. गप्प बसणं मला जमतं.

त्या गावाच्या नगरपरिषदेच्या सभा इंटरनेटवर दिसतात. कुणीही उठावं, माइकसमोर तीन मिनिटं बोलावं, अशी तिथली रीत. हा बोलायचा, शाळेपुढच्या फुटपाथबद्दल, वाचनालय रविवारी उघडं ठेवण्याबद्दल. मग लिंक मला पाठवायचा. शुक्रवारी जेवण झालं की मी ती लावायचो. महापौरबाई मान डोलवत त्याचं म्हणणं लिहून घ्यायच्या, आणि मी व्हिडिओ तिथेच बंद करायचो.

"भाऊजी किती छान बोलतात!" बायको म्हणायची. "नाहीतर तुम्ही. नाशिकच्या सोसायटीतली लिफ्ट दोन वर्षं बंद आहे, एक शब्द काढलात?"

फुटपाथ झाला. त्याने ओल्या सिमेंटचा फोटो पाठवला. मी अंगठा पाठवला आणि फोन पालथा ठेवला.

पुढे परिषदेतली एक जागा रिकामी झाली. उरलेले सदस्य मतदान करून तिथे कुणाला तरी नेमणार होते. याने अर्ज केला.

"दादा, ओळखीच्या माणसाने चार ओळी लिहायच्या असतात. तू लिही ना. तुझ्याइतकं मला कोण ओळखतं?"

लिहिलं. हुशार आहे, बोलका आहे, असं आधी. आणि शेवटी, दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात त्या शटडाउनमध्ये हा काम अर्धवट टाकून निघून गेला आणि ते मला निस्तरावं लागलं. शब्द न् शब्द खरा. का गेला, ते लिहिलं नाही. त्याचे वडील वारले होते. देशाबाहेर जायच्या परवानगीच्या कागदासाठी मीच त्याच्याबरोबर धावलो होतो, विमानतळावर मीच सोडलं होतं.

खाली माझं नाव घातलं. आमच्या ऑफिसात वरिष्ठांकडे गेलेला शेरा फाइलीतच राहतो. ज्याच्याबद्दल असतो त्याला दिसत नाही. तिथेही तसंच, असं मी धरून चाललो. त्या गावात आलेलं प्रत्येक पत्र भर सभेत वाचतात. पण मला कसं कळणार? मी फक्त त्याची तीन मिनिटं बघायचो, उरलेली सभा कधी पाहिलीच नव्हती.

त्या शुक्रवारी कानात इअरफोन घालून पूर्ण पाहिली. कारकूनबाईंनी माझं नाव अडखळत वाचलं, मग पत्र. तो पहिल्याच रांगेत होता. महापौरबाईंनी विचारलं, काही बोलायचंय का?

तो उठला. "पत्र लिहिणारे मला मोठ्या भावासारखे आहेत," इंग्रजीत म्हणाला. "मी काम टाकून गेलो होतो, हे खरं आहे. ते त्यांनी पूर्ण केलं." आणि बसला.

जागा एका मताने गेली.

संध्याकाळी त्याचाच फोन. "बघितलंस?"

"वडिलांचं का नाही सांगितलंस?"

"माइकवर कुठे बापाचं मरण मांडत बसू, दादा? आणि तुला ठाऊक होतंच की."

माफी ओठाशी आली होती. मी म्हणालो, "पुढच्या वेळी सरळ निवडणूक लढव."

"लढवणारच आहे. पत्र मात्र वहिनीकडून घेईन."

तो हसला. मीही हसलो.

या आठवड्यात त्याच नगरपरिषदेला दुसरं पत्र लिहायला घेतलंय. वडिलांचं, विमानतळाचं, सगळं. तेही सभेत वाचलं जाईल, आणि लोक त्याच्याकडे माना वळवून आदराने बघतील, हे दिसतं. तिसऱ्या ओळीवर हात थांबतो.