गिटार आबांनी फोडली नव्हती

माझे सासरे कोणतीही वस्तू हातात आली की आधी बोटाच्या पेराने वाजवून बघत. मडकं, भोपळा, कलिंगड सगळेच वाजवतात. आबा दाराची फळी वाजवत, नवी बादली वाजवत, भिंतीचा गिलावा वाजवत. मला बघायला आले तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी प्यायच्या आधी त्यांनी तांब्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "तळाला चीर हाय. डाग द्या, न्हायतर गळंल." माझी आई शरमून गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् तू गं पोरी? चौथीतच का थांबलीस?"

मी खाली बघत राहिले. आईने सांगितलं की पाचवीची शाळा धरणाच्या पाण्यापलीकडं, पोरीला होडीतून रोज पाठवायची भीती वाटायची. आबा म्हणाले, "मग ऱ्हायलेलं आमच्यात शिकंल."

आबा पाटकरी होते. कालव्याच्या पाण्याची कोणाची पाळी कधी ते बघायचं, त्याप्रमाणे चारीची, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या लहान पाटाची, लोखंडी दारं उघडायची, वेळ झाली की बंद करायची. दाराला कान लावून ते सांगत, वरून पाणी किती येतंय. "पाणी बोलतंय, आपुन गप ऱ्हायचं," असं म्हणत. एकदा त्यांच्या सख्ख्या चुलतभावाचा ऊस वाळायला लागला होता. तो घरी आला, चहा प्याला, आणि म्हणाला, "दादा, अर्धा तास जादा सोड. वहीत न्हाय लिवलं की झालं. कोण बघतंय?" आबांनी कपबशी खाली ठेवली. "मी बघतोय की." चुलतभाऊ वर्षभर आमच्या दारात आला नाही. आबांनी त्याचं वाईट वाटून घेतलं, पण वहीत जे लिहायचं तेच लिहिलं.

त्यांच्या जुन्या वह्यांत मागची पानं कोरी असत. लग्नानंतर आठ दिवसांत त्यांनी तसली एक वही माझ्यापुढे टाकली. रोज एक पान लिहायचं.

"काय लिवू?"

"आज काय झालं ते. अक्षर कसंबी असू दे. खरं लिव."

संध्याकाळी ते पान वाचत नसत, भरलंय का तेवढं बघत. सुनेचं लिहिलेलं वाचणं बरं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला आज जे चार शब्द लिहिता येतात ते त्यांच्यामुळे येतात. म्हणून पुढचंही लिहिलं पाहिजे.

माझे धाकटे दीर मिलिंद तेव्हा बारामतीला कॉलेजात होते. मी त्यांना भावजी म्हणते. जयंतीला विहारासमोर गाणी व्हायची, त्यात ते लहानपणापासून ढोलकी वाजवत. बारामतीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याच्या स्पीकरच्या पेट्या त्यांनी सहा महिने उचलल्या, आणि त्या माणसाने त्यांना आपली जुनी गिटार दिली. ती भावजींची पहिली गिटार. पाठीवर कुणीतरी चिकटवलेला पोपट होता, त्याची चोच खरवडून गेलेली. तार पिळायची एक खुंटी मोडलेली, तिथं भावजी पकडीने पिळत.

आबांना ती बघवत नसे. "तारा खाजवून पोट भरत न्हाय. शिक. शिकलास तर कुणाच्या पेट्या उचलाव्या लागणार न्हायत." भावजी ओट्यावर बसून मोबाइलमध्ये बघत बोटं बसवायचे, आबा गोठ्यात कडबा तोडता तोडता बडबडायचे. एकदा भावजी बराच वेळ सूर लावत होते, लागेना. गोठ्यातून आबा ओरडले, "वरनं दुसरी उतरलीय, दुसरी!" भावजींनी दुसरी तार पिळली आणि सूर लागला. ते तोंड उघडं टाकून बघत राहिले. "आबा, तुमाला कळतंय की वो ह्यातलं!" आबा म्हणाले, "कळतंय म्हणूनच कटकट हुतीय." मी पदर तोंडाला लावून हसले.

पण एकदा भांडण वाढलं. भावजी एका विषयात नापास झाले होते. आबा म्हणाले, "एक दिवस ती गिटार पाटात सोडून देईन, जाऊ दे उजनीला." हे वाक्य भावजींनी मनात ठेवलं. पुढे पुण्याला एका कोर्ससाठी गेले, तिथं एका खोलीत सहाजण राहणार होते. गिटार त्यांनी माझ्या हातात दिली. "वहिनी, तुमी सांभाळा. आबांच्या हाती लागू देऊ नका."

मी फार मनावर घेतलं. माझ्या ताब्यात कोणी पहिल्यांदाच काही दिलं होतं. धान्याच्या कोठीमागे, वाकळांच्या घडीवर मी ती ठेवली. पण आमचं गाव पाण्याकाठी, भिंतींना ओल येते. उन्हाळ्याच्या तोंडाला बघितलं तर पिशवीवर पांढरी बुरशी, आतही कुबट वास. आमच्यात बायकांना एक उपाय ठाऊक असतो. गहू असो, वाकळ असो, पापड असो, ऊन दाखवायचं. उन्हात कीड मरते, वास जातो. मे महिन्यात मी कुरडया घातल्या त्या दिवशी गिटार स्लॅबवर नेली, धुतलेल्या वाकळेवर उताणी निजवली आणि खाली येऊन भाकरी थापायला बसले. मग धुणं. मग डोळा लागला.

तीनच्या सुमाराला वरून आवाज आला. तार तुटल्यासारखा, आणि त्यातच लाकूड फाटल्यासारखा. मी वर पळाले. तारा खालच्या बाजूला ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात ती पट्टीच उखडून लांब कुरडयांत पडली होती. पुढची फळी पोपटाच्या उंचीएवढी चिरली होती. हात लावला तर चटका बसला.

खाली आबा ओट्यावर. "काय फुटलं गं?"

"काय न्हाय," मी वरून म्हणाले. "पाटी पडली."

आबांनी पुढे विचारलं नाही. ज्या माणसाला पाण्याच्या आवाजावरून दार किती उघडंय ते कळायचं, त्याला पाटी आणि गिटार यातला फरक कळला नसेल असं मी स्वतःला समजावलं. गिटार पिशवीत घातली, उखडलेली पट्टी आत टाकली, पिशवी कोठीमागे सारली. संध्याकाळी वहीत लिहिलं, आज काही विशेष झालं नाही. पान भरावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं.

पावसाळा संपता संपता भावजी आले. इंदापुरात त्यांचा स्टेजवरचा पहिला कार्यक्रम होता, त्यासाठी गिटार न्यायला आले होते. मी जेवायचं ताट वाढून आतून बाहेर येत होते. तेवढ्यात त्यांनी स्वतःच कोठीमागून पिशवी काढली, चेन उघडली. उखडलेली पट्टी बाहेर काढून बघितली. मग म्हणाले, "कुणी केलं हे?"

मी ताट धरून उभी.

भावजी उंबऱ्यात बसलेल्या आबांकडे वळले. "तुमीच. तुमीच म्हणाला हुतात."

आबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "व्हय. मीच."

"वहिनी, तुमाला ठाऊक हुतं?"

तेव्हा तरी बोलायचं. पण मी म्हणाले, "मला न्हाय ठाऊक." हे शब्द मी उच्चारले. नुसती गप्प राहिले असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते, पण तसं नव्हतं. भावजी न जेवता गेले. अर्ध्या तासाच्या पाण्यासाठी ज्या माणसाने भाऊ तोडला, तो माझ्यासाठी खोटं बोलला, आणि त्या खोट्याला मी माझं दुसरं जोडलं.

दोन दिवसांनी आबा एकटे असताना मी त्यांच्यापुढे जाऊन रडले. ते म्हणाले, "रडू नको. तुला ह्या घरात जन्म काढायचाय. माझ्यावर तो रागावलेलाच हाय, त्यात आनखी एक. माझ्या अंगाला काय भोकं पडत न्हायत."

"मी सांगती भावजींना."

"सांग की. मी अडवलंय का? पण मी न्हाय सांगणार. ते तुझं काम."

मी सांगितलं नाही. आज सांगू, जयंतीला सांगू, त्यांचं लग्न होऊ दे मग सांगू. नऊ वर्षं गेली. भावजी घरी यायचे, पण आबांशी बोलायचे नाहीत. दोघं एका ओट्यावर दोन टोकांना बसायचे आणि मधे मी. "वहिनी, आबांना म्हणावं गोळ्या येळेवर घ्या." "त्याला म्हणावं, घेतल्या." "वहिनी, म्हणावं डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या." "म्हणावं, मला लांबचं दिसतंय, जवळचं बघून काय करू?" दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू जायचं, तरी मी इकडचं तिकडं सांगायची. नऊ वर्षं दोघांचे निरोप नेले. माझा स्वतःचा एक निरोप तेवढा नेला नाही.

भावजींचं चांगलं झालं. बारामतीत गिटारचा क्लास निघाला, कार्यक्रम मिळायला लागले. एकदा कुणीतरी चार वादकांना बसवून मोबाइलवर दाखवायला गप्पांचा कार्यक्रम केला. पहिली गिटार कोणती, ती अजून आहे का, असं विचारलं होतं. एक म्हणाला, घरात भिंतीवर टांगलीय. एकाने भाच्याला दिली होती. एकाची टेम्पोच्या टपावरून हायवेला पडली, मागून ट्रक आला. सगळे हसले. मग भावजी म्हणाले, "माझी पहिली गिटार माझ्या वडिलांनी फोडली. त्या दिवशी ठरवलं, आता हेच करायचं." समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही सगळे घरात ते बघत होतो. आमचे हे उठून बाहेर गेले. आबा मोबाइलजवळ वाकून शेवटपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "बोलतोय ब्येस. घाबरत न्हाय लोकांम्होरं." मी चुलीपाशी गेले आणि उगीच जाळ सारत बसले.

पुढे ती गोष्ट ते प्रत्येक कार्यक्रमात सांगायचे. लोकांना आवडायची.

आबांना दम लागायला लागला. इंदापूरच्या दवाखान्यात आठ दिवस होते. शेवटचे दोन दिवस भावजी आले, आणि काही न बोलता आबांचे पाय दाबत बसले. मी डबा घेऊन गेले, तेव्हा ठरवून गेले होते. पलंगापाशी उभी राहून म्हणाले, "भावजी, मला एक सांगायचंय." आबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून मान हलवली. "आता नगं," ते म्हणाले. "पोरगं पाय दाबतंय. दाबू दे." मला तेवढंच निमित्त हवं होतं. मी डबा ठेवून घरी आले. दुसऱ्या दिवशी आबा गेले.

पुण्यानुमोदनाला विहाराच्या अंगणात मांडव होता. वंदना झाली, गावातले लोक बोलले. पाण्याच्या पाळीवरून ज्यांनी आबांना शिव्या दिल्या होत्या तेही चांगलं बोलले. मग भावजी उठले. म्हणाले, "आबांनी माझी गिटार फोडली हुती, सगळ्यांना ठाऊक हाय. मी नऊ वर्षं त्यांच्याशी बोललो न्हाय. आज सगळ्यांम्होरं सांगतो, मी त्यांना माफ केलंय." बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या. कुणाला आणखी बोलायचंय का, असं विचारलं गेलं. मी बायकांत बसले होते. गुडघ्याला हात लावून उठायचं एवढंच होतं. उठले नाही.

दुपारी पातेली घासत होते, तिथं भावजी हात धुवायला आले. मी मान वर न करता सगळं सांगितलं. ऊन, कुरडया, मी पाटी पडली म्हणाले ते, आणि आबा काय म्हणाले ते. त्यांचा हात नळाखाली तसाच होता. पाणी वाहत होतं.

"आबा एकदाबी बोलले न्हाईत मला," ते म्हणाले.

"ते माझं काम हुतं, भावजी."

त्यांनी नळ बंद केला आणि निघून गेले. चार महिने त्यांचा फोन नाही. ते मला जे बोलतील ते ऐकायची तयारी करून मी बसले होते, पण ते काहीच बोलले नाहीत.

मग त्यांच्या क्लासच्या मुलांचा कार्यक्रम ठरला आणि निरोप आला की दोघांनी या. ह्यांच्या गाडीवर मागे बसून बारामतीला गेले. हॉल भरला होता. पुरुषांची बाजू वेगळी नव्हती, तरी मी बायकांच्यात जाऊन बसले. मुलांचं वाजवून झालं तेव्हा माइकवाला म्हणाला, "सर, आता पहिल्या गिटारीची गोष्ट होऊन जाऊ द्या!" लोक आधीच टाळ्या वाजवायला लागले.

भावजी माइकपाशी आले. "ती गिटार आता न्हाय," म्हणाले. "माझ्या वडिलांनी ती फोडली न्हवती. उन्हात ऱ्हायली आन् तडकली. इतकी वर्सं मी चुकीचं सांगत आलो." मग ते मागे सरकून आपल्या जागेवर बसले. टाळ्या झाल्या नाहीत. माइकवाल्याला काय बोलावं कळेना, त्याने पुढच्या मुलाचं नाव घेतलं. भावजींनी माझं नाव घेतलं नव्हतं. बापाने वाचवलं, आता मुलगाही वाचवत होता, आणि मी पुन्हा खाली मान घालून बसले होते.

शेजारी एका मुलीची आई बसली होती, मांडीवर स्वेटर घेऊन. मला म्हणाली, "उन्हानं गिटार फुटती व्हय वो?"

"फुटती."

"कुणी ठिवली असंल उन्हात?"

"मी," मी म्हणाले. "मी त्यांची भावजय. मीच ठिवली हुती."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "मग सांगायचं की तवाच!" ती म्हणाली. "एवढ्यातेवढ्यावरनं कोण काय म्हणतंय?" आणि तिची मुलगी स्टेजवर आली म्हणून ती तिकडे बघायला लागली.

खरंच. भावजी दोन दिवस माझ्याशी बोलले नसते. तिसऱ्या दिवशी बोलले असते.