दोन सिटांच्या गाडीची राखण

लाल गाडी दारात आली त्या दिवशी बापलेकांची जुंपली होती. मालू आत भाकऱ्या थापत ऐकत होती.

"दोनच सिटा?" काशिराम लेकाला विचारत होता. "मग आमी दोघं काय टपावर बसू?"

"बाबा, ही शर्यतीची गाडी हाय."

"शर्यतच लावायची होती तर दारचे बैल काय वाईट होते? ते तूच विकायला लावलेस."

मालूला आत हसू फुटलं होतं. पण त्यानंतर बापलेक कधी धड बोलले नाहीत. शेतं विमानतळात गेली, काशिराम गेला, लेक प्रणित कॅनडाला गेला. कामोठ्याच्या जुन्या गावातल्या त्या घरात उरली मालू, आणि पडवीत कापड पांघरून गाडी.

उभी राहून गाडी मरते, म्हणून प्रणितनं तिला काम लावून दिलं होतं. दर रविवारी सकाळी कापड काढायचं, पाटावर बसावं तसं त्या बुटक्या सीटवर उतरायचं, ब्रेक दाबून बटण दाबायचं. मग फोन लावून मागं सायलेन्सरपाशी धरायचा. प्रणित तिकडून आवाज ऐकायचा. "हां, मस्त. ठेवतो आई." एवढंच बोलणं. त्याच्यावर मालूचा आठवडा निघायचा.

एका रविवारी बटण दाबलं तर नुसतं 'टक्' झालं.

"बॅटरी गेली असंल. हॉर्न वाजवून बघ," प्रणित म्हणाला.

तिनं वाजवला. "शेजारची कोंबडी उडाली रे."

"म्हणजे बॅटरी ठीक हाय. इंजिन बघायला लागंल. झाकण उघड."

तिनं पुढचं झाकण उघडलं. "प्रणित, इंजिनच नाय. कोणी नेलं का काय?"

प्रणित हसला. किती वर्षांनी तो असा हसला होता. "आई, हिचं इंजिन मागं असतं."

मागचं झाकण उघडलं तर आत भाताची टरफलं, आणि एका वायरीचं नुसतं तांबं उरलेलं.

"उंदीर आलेच कसे?"

मालूनं बाजूच्या पोत्यांकडं बघितलं. शेतं गेली तरी ती बहिणीकडून दोन पोती भात आणायची. भात नसलेलं घर तिला घर वाटायचं नाही. आणि भाताची जागा पहिल्यापासून पडवीतच. "भात ठेवलाय इथं," ती हळूच म्हणाली.

"धन्य हायेस," प्रणित म्हणाला. "खांदा कॉलनीतल्या हृतिक मेकॅनिकला पाठवतो."

तेव्हापासून त्याचा फोन रोज यायला लागला. हृतिक आला का, इथपासून सुरू होऊन मालूच्या गुडघ्यावर यायचा. काय जेवलीस, एकटी काय खातेस, हेही. हृतिक आला, त्यानं वायर बदलली, गाडी सुरू करून दाखवली. त्याच संध्याकाळी प्रणितनं विचारलं, "झालं काम?"

"नाय रे. येतो म्हणलाय," मालू म्हणाली. तोंडातून निघून गेलं ते निघून गेलं. दुसऱ्या दिवशी परत तेच सांगावं लागलं, तिसऱ्या दिवशीही. फोन मात्र लांबत गेले. एकदा तर त्यानं तिकडचा बर्फ दाखवला.

मग एका संध्याकाळी तो कंटाळून म्हणाला, "आई, आता तुला हा त्रास नको. काढून टाकतो गाडी. नवीन पनवेलच्या प्रितमला गिऱ्हाईक बघायला सांगितलंय."

मालू दचकली. "अरे, झाली ती. सुरू होते आता."

"मग चांगलंच झालं. चालू गाडीला लवकर गिऱ्हाईक मिळंल."

भाताची पोती मालूनं आत ओढून नेली, पण त्याला आता उशीर झाला होता. गिऱ्हाईक मिळालं. प्रणितचे रोजचे फोनही थांबले. विचारायला काही राहिलं नव्हतं.

गाडी न्यायला ट्रक यायचा होता रविवारी दुपारी. सकाळी मालूनं कापड काढून घडी घातली, पदर खोचला, गुडघा धरत सीटवर उतरली, ब्रेक दाबून बटण दाबलं. गाडी सुरू झाली. मग तिनं प्रणितला फोन लावला, मागं गेली आणि सायलेन्सरपाशी फोन धरून वाकून उभी राहिली.